घरकुलाची खिडकी



घर बांधताना पाया, भिंती व छप्पर यांची चिंता आपण वाहतो. खिडकी मात्र उरल्यासुरल्या पैशांत, गवंड्याच्या सोयीने बसते. प्रधानमंत्री आवास योजनेतील ग्रामीण घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर. एवढ्या जागेत चूल पेटली आणि धुरास वाट नसली, तर तो माउलीच्या व तान्ह्या मुलाच्या छातीत जातो. चुलीच्या वर, छपरालगत झरोका हवाच. जुन्या माळवदास साणे ठेवीत, ते उगीच नव्हे.

राष्ट्रीय इमारत संहितेचा दंडक असा, की दारे वगळून खिडक्यांचे क्षेत्र उष्ण-कोरड्या हवामानात खोलीच्या किमान एक-दशांश, उष्ण-दमट हवामानात एक-षष्ठांश असावे. म्हणजे १२ चौरस मीटरच्या खोलीस सोलापुरात १.२, तर रत्नागिरीत २ चौरस मीटर. सोलापुरात पश्चिमेस मोठी खिडकी ठेवणे म्हणजे मे महिन्यातील दुपार घरात बोलावणे; तेथे उत्तर-दक्षिण भिंतींत समोरासमोर खिडक्या द्याव्यात. कोकणात रुंद छज्जा नसेल, तर नैर्ऋत्येची खिडकी झडीमुळे पावसाळाभर बंदच राहील.

दोन सरकत्या काचांची खिडकी हल्ली प्रतिष्ठेची मानतात. तिची अर्धीच जागा उघडते, झडपांची पूर्ण उघडते. हे दुकानदार सहसा सांगत नाही.

शाळाखोलीत उजेड डावीकडून यावा, म्हणजे उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या वहीवर हाताची सावली पडत नाही.

सरपंचांना विनंती, की जोत्याच्या पाहणीच्या वेळीच खिडक्यांच्या जागा ठरवून घ्याव्यात. भिंत उभी राहिल्यावर ती फोडण्यास घरमालकाजवळ पैसा उरलेला नसतो.