दहा राग आणि एक तबकडी

नाशिकच्या द्राक्षमळ्यांतील महोत्सवांत यंत्रसंगीतावर डोललेल्या किती तरुणांस चरणजित सिंग हे नाव ठाऊक असेल? मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाद्ये वाजविणाऱ्या या कलावंताने १९८२ साली रोलँड कंपनीच्या टीबी-३०३ व टीआर-८०८ या यंत्रांवर भैरव, मालकंस आदी दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसविले. पहिल्या यंत्रात स्वरावरून स्वरावर घसरण्याची सोय होती. आपल्या मींडेची जणू धाकटी बहीणच! तबकडी फारशी खपली नाही. पाच वर्षांनी शिकागोत तशाच नादाची ‘अ‍ॅसिड हाउस’ शैली उदयास आली. मात्र तिकडच्यांनी हिची नक्कल केली, असे कोणी समजू नये. सिंग यशाची वाट पाहत बसले नाहीत. लग्नसमारंभांतही वाजवीत राहिले. २०१० मध्ये तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा सत्तरीच्या या गृहस्थांस युरोपातून निमंत्रणे आली. ते कौतुक त्यांस जेमतेम पाच वर्षे लाभले. २०१५ मध्ये ते निवर्तले.