भाड्याचे पहिले घर
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी पैशाविषयी चार शब्द बोलणार आहे. घरखर्चाची वही आपणच लिहितो, तेव्हा हा विषय आपलाच आहे.

हल्ली आपल्या मुली विशी-पंचविशीतच मिळवू लागतात. माझ्या भाचीने मध्यंतरी विचारले, "मावशी, लहानसे घर घेऊन भाड्याने देऊ का? भाड्यातच हप्ता फिटेल." मी म्हटले, "आधी वही काढ." आम्ही मांडलेला हिशेब सातवीच्या गणितात बसणारा आहे, तो आपल्यापुढे ठेवते.

पुण्याकडचे २० लाखांचे जुने घर धरले. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक फार तर किमतीच्या ९० टक्के देते. म्हणजे २ लाख पदरचे. पुणे शहरात मुद्रांक शुल्क ७ टक्के; घर केवळ स्त्रीच्या नावाने घेतले तर २०२१ पासून १ टक्का सूट आहे, म्हणून १ लाख २० हजार. नोंदणी फी २० हजार. असे ३ लाख ४० हजार हाती हवेत; दलाली आणि रंगरंगोटी निराळी.

१८ लाखांचे कर्ज, मुदत २० वर्षे, व्याज साडेआठ टक्के धरले, तर हप्ता सुमारे १५,६०० रुपये. भाडे मात्र ६ हजार धरले. उरलेले ९,६०० दरमहा पगारातून जायचे. शिवाय घरपट्टी, सोसायटीचा खर्च, आणि भाडेकरू बदलताना एखाद-दोन महिने घर रिकामे. भाड्यात हप्ता फिटतो तो असा, निम्माही नाही!

मग घर घेऊच नये काय? घ्यावे, पण दमाने. हप्त्याएवढी रक्कम आधी तीन वर्षे दरमहा बाजूला टाकावी. हप्ता झेपतो की नाही ते कळते, आणि मुद्दलच ५ लाख ६१ हजार साठते. घराची किंमत मध्यंतरी थोडी वाढेल. तरी कर्ज १२ लाखांवर आले तर हप्ता सुमारे १०,४०० होतो. भाचीला हे पटले. तिने आवर्ती ठेव सुरू केली आहे.

घेताना आधीच्या खरेदीखताची सूची क्रमांक दोन, भोगवटा पत्र आणि सोसायटीचा ना हरकत दाखला पाहिल्यावाचून बयाणा देऊ नये. भाड्याने देताना करार लेखी करून नोंदवावा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी घरमालकावर आहे. तोंडी बोलणी झाली असतील तर वाद निघाल्यावर भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात. भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी जादा आकार घेते. तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक नसावा.

शेवटी एक सांगते. "मुलगी परक्या घरी जायची, तिच्या नावावर घर कशाला?" असे आपल्यातच बोलले जाते. माहेर भावाचे आणि सासर नवऱ्याचे, असे म्हणत आपल्या पिढीचे आयुष्य गेले. मुलीच्या कष्टाच्या पैशाचे घर तिच्याच नावावर राहू द्या. अडचणीच्या दिवशी कुणाच्या तोंडाकडे पाहावे न लागणे, हे कोणत्याही दागिन्याहून मोठे आहे.