छत्रीला भोक हवंच



उन्हाळ्यात रुईची बोंडं उकलली की वाऱ्यावर म्हाताऱ्या तरंगायला लागतात. पांढऱ्याशुभ्र केसांचा झुपका आणि त्याला लटकलेलं चपटं तपकिरी बी. लहानपणी त्यांच्यामागे धावला नाही असा माणूस विरळाच. मुलांना पॅराशूट शिकवायचं असेल, तर पहिला धडा या म्हातारीकडूनच घ्यावा.

दुसरा धडा रद्दीचा. वर्तमानपत्राची सारखी दोन पानं घ्या. एकाचा बोळा करा, दुसरं पसरून धरा. सोडण्याआधी मुलांना विचारा, आधी कोणतं पडेल? बोळा आधी पडतो. ‘तो जड आहे ना!’ असं एखादं मूल हमखास म्हणेल. लगेच चूक काढू नका. बोळा उलगडायला सांगा. पान तेवढंच, वजनही तेवढंच. बदलला तो फक्त पसारा. पसरलेल्या पानाला खाली येताना जास्त हवा बाजूला सारावी लागते, म्हणून ते रेंगाळतं.

आता पॅराशूट करू. पतंगाच्या कागदाचा किंवा घरात पडून असलेल्या पातळ प्लास्टिकचा दीड वीत लांबी-रुंदीचा चौकोन कापा. चारही कोपऱ्यांना चिकटपट्टीनं दोरे लावा. दोरे सारखे हवेत, साधारण चौकोनाच्या बाजूएवढे. त्यांची टोकं एकत्र बांधा आणि खाली चार चिंचोक्यांची पुरचुंडी लटकवा. खुर्चीवर मोठ्या माणसानं उभं राहावं आणि पॅराशूट सोडावं. मुलांनी खालून बघावं.

आमच्या शेजारच्या सात वर्षांच्या मुलीचं पॅराशूट झोके खात, तिरपं होत खाली आलं. तिनं दोरे सोडून पुन्हा बांधले. तरी झोके थांबेनात. मी कात्री पुढे केली आणि म्हटलं, मधोमध एक भोक पाडूया. तिनं पॅराशूट पाठीमागे लपवलं. ‘आजोबा, भोक पाडलं तर हवा निघून जाईल. मग ते पडेलच ना!’

मला आनंद झाला. हवाच पॅराशूटला तोलून धरते, हे तिला कळलं होतं. मग आम्ही अगदी तसंच दुसरं केलं आणि त्याच्या मध्यावर बोटाच्या पेराएवढं भोक पाडलं. ते किंचित लवकर आलं, पण सरळ आलं. छत्राखाली कोंडलेली हवा वाट शोधत असते. वाट नसली की कधी या कडेनं निसटते, कधी त्या कडेनं, आणि छत्र हेलकावे खातं. भोकानं तिला वरून वाट मिळते.

हा धडा माणसाला जिवावर उदार होऊन मिळाला. 22 ऑक्टोबर 1797 रोजी पॅरिसमध्ये आंद्रे-जाक गार्नेरँ फुग्याखाली टांगलेल्या टोपलीतून वर गेले आणि टोपलीसकट रेशमी पॅराशूटनं खाली आले. छत्राला भोक नव्हतं. टोपली भयंकर हेलकावे खात जमिनीवर आदळली. ते वाचले. पुढे पॅराशूटच्या माथ्यावर भोक ठेवलं जाऊ लागलं.

मुलांना एकच पथ्य सांगा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चिंचोके वाढवायचे तर छत्र तेच ठेवायचं. छत्र मोठं करायचं तर चिंचोके तेवढेच. चौकोनाची बाजू दुप्पट केली की कापड चौपट लागतं, हे मुलांना कात्री चालवतानाच उमगतं. त्यासाठी फळा लागत नाही.

शेवटी एक कोडं घाला. 23 ऑगस्ट 2023 ला आपलं विक्रम यान चंद्रावर उतरलं, ते पॅराशूटनं का नाही? ज्या मुलानं स्वतः छत्र केलंय, ते थोडा विचार करून सांगेल की तिथे हवाच नाही, तर छत्र फुगणार कशानं? म्हणून विक्रमला इंजिनांच्या जोरावर वेग कमी करावा लागला.

आणि त्या मुलीचं काय झालं? दुसऱ्या दिवशी ती एकटीच कात्री घेऊन बसली होती. भोक बोराएवढं केलं, मग लिंबाएवढं, मग वाटीएवढं. वाटीएवढ्या भोकाचं पॅराशूट धपकन खाली आलं, तेव्हा टाळ्या पिटत ती म्हणाली, ‘बघा, मी म्हटलं होतं ना, पडणार म्हणून!’