न उघडलेली खोकी



मोटारीचा यंत्रमानव आणि यंत्रमानवाची पुन्हा मोटार होणारी खेळणी चाळिशी-पन्नाशीची माणसे जमवतात, आणि त्यांतल्या एकेका खेळण्यासाठी शेकडो डॉलर मोजतात, ही वार्ता चळवळीतल्या कार्यकर्त्याला प्रथम हास्यास्पद वाटते. मग त्याला राग येतो. ज्या जगात करोडो मुलांच्या हाती धड पाटी नाही, तेथे बापयांनी खेळण्यांची कपाटे भरावीत! राग स्वाभाविक आहे. परंतु रागाने विश्लेषण होत नाही. हौशी माणसाला चैनी म्हणून निकालात काढले की ज्यांनी ती हौस घडवली, पोसली आणि विकली ते आपोआप सुटतात. म्हणून या हौसेचा इतिहास थोडा बारकाईने पाहणे आवश्यक आहे.

जपानमधील टाकारा कंपनीने १९८० साली ‘डायक्लोन’ नावाची खेळण्यांची मालिका काढली. मोटार किंवा मालट्रक घ्यावा, त्याचे भाग क्रमाक्रमाने वळवावेत, उलगडावेत आणि त्यातून यंत्रमानव उभा राहावा, अशी करामत या मालिकेतील पुढच्या खेळण्यांत होती. मात्र त्या यंत्रमानवाला स्वतःचे मन नव्हते. त्याला चालवणारा, बोटाच्या पेराएवढा माणूस खेळण्याबरोबर मिळत असे. १९८४ मध्ये अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने ही आणि टाकाराचीच आणखी काही खेळणी ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या नावाखाली बाजारात आणली, तेव्हा हा चालक काढून टाकण्यात आला. मार्व्हल या चित्रकथांच्या कंपनीला पात्रे रचण्याचे काम दिले गेले; तेथील संपादक बॉब बुडियान्स्की यांनी बहुतेकांना नावे, स्वभाव आणि चरित्रे बहाल केली. यंत्र आता स्वतःच बोलू लागले, स्वतःच लढू लागले. मौज अशी की साचे जुनेच वापरल्यामुळे त्यांतील कित्येक मोटारींची दारे पूर्वीसारखीच उघडत आणि आत चालकाची आसनेही तशीच होती. बसणारा तेवढा नाहीसा झाला होता. मालाच्या जडपूजेविषयी मार्क्सने जे लिहिले, ते अभ्यासवर्गात समजावून सांगण्यास याहून सुबोध उदाहरण मिळणे कठीण.

ही खेळणी केवळ दुकानांत मांडून खपली नसती. त्यासाठी दूरचित्रवाणी मोकळी व्हावी लागली. १९६९ साली ‘हॉट व्हील्स’ या खेळण्यातल्या मोटारींवर बेतलेल्या कार्यक्रमाविषयी तक्रार झाली, तेव्हा अमेरिकेच्या संपर्क आयोगाने त्यात जाहिरात दडलेली आहे हे मान्य केले होते. पुढे रेगन अध्यक्ष झाले आणि आयोगाची सूत्रे मार्क फाउलर यांच्याकडे गेली. दूरचित्रवाणी हे घरातल्या इतर उपकरणांसारखेच एक उपकरण आहे, पाव भाजण्याच्या यंत्राहून त्यात फार वेगळे काही नाही, अशी त्यांची धारणा होती. १९८४ मध्ये जाहिरातींच्या वेळेवरील बंधने उठली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ‘ट्रान्सफॉर्मर्स’ची चलच्चित्र मालिका सुरू झाली. म्हणजे मालिकेवरून खेळणे निघाले नव्हते. खेळणे खपावे म्हणून मालिका निघाली होती. पेगी चारेन आणि १९६८ पासून काम करणारी त्यांची पालकांची संघटना या व्यवहाराविरुद्ध झगडत राहिली. मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिरातींना मर्यादा घालणारा कायदा १९९० साली झाला खरा. तोवर एक पिढी या पडद्यासमोर वाढून गेली होती.

या पिढीच्या मनाशी काय खेळ झाला, ते १९८६ च्या चित्रपटात दिसते. मुलांचा सर्वांत लाडका नायक, लाल-निळ्या मालट्रकचा यंत्रमानव ऑप्टिमस प्राइम, या चित्रपटात मारला गेला. कथेची ती गरज नव्हती. १९८४ चा माल मागे सारून नव्या मालाला जागा करून द्यायची होती, आणि जुन्या मालाबरोबर जुनी पात्रेही निकालात निघाली. चित्रपटगृहांत मुले रडली. पालक संतापले. कंपनी इतकी हादरली की तिच्याच ‘जी. आय. जो’ या सैनिक बाहुल्यांवरील १९८७ च्या चित्रपटात मरू घातलेल्या नायकाला ऐनवेळी संवाद बदलून बेशुद्धावस्थेत ठेवण्यात आले, आणि ऑप्टिमस प्राइमलाही त्याच वर्षी मालिकेत जिवंत करण्यात आले. मुलांचे दुःख खरे होते आणि ते मालाच्या याद्यांतून जन्मले होते, ही गोष्ट विसरता येत नाही. आज कपाटे भरणारे अनेकजण तीच मुले आहेत.

त्यांच्या हाती पगार आला, तेव्हा कंपन्याही त्यांच्याकडे वळल्या. टाकाराने २००३ साली ‘मास्टरपीस’ मालिका काढली. तिचा पहिला यंत्रमानव सुमारे एक फूट उंच होता, आणि तो मुलांसाठी नव्हता हे त्याच्या किमतीवरूनच कळत होते. २०२१ मध्ये रोबोसेन या कंपनीने आवाजी हुकूम ऐकून स्वतःच मालट्रकचा यंत्रमानव होणारा ऑप्टिमस प्राइम आणला. आत २७ मोटरी, किंमत सुमारे ७०० डॉलर. येथे हाताने उलगडण्याचे उरलेसुरले कामही खेळणाऱ्याकडून काढून घेतले गेले! अशा संग्राहकाच्या टेबलावर पुष्कळदा इतरही महागडी उपकरणे आढळतात. सुट्या भागांतून जुळवलेले टंकनफलक असतात, हजारो रुपयांचे कर्णध्वनिक असतात, जुने जर्मन कॅमेरे असतात. वस्तू निराळ्या, रीत एकच. प्रत्येक नवी आवृत्ती मागच्या आवृत्तीतील उणीव दाखवून देण्यासाठीच निघते.

या रीतीचे टोक म्हणजे सीलबंद खोके. जी वस्तू रूप बदलते म्हणून मौल्यवान, तिने कधीही रूप बदलू नये, असा दंडक येथे पाळला जातो. खोके न उघडता परीक्षकांकडे पाठवायचे, त्यांनी गुण द्यायचे, पारदर्शक पेटीत ते कायमचे कोंडायचे आणि मग भाव वाढण्याची वाट पाहायची. उपयोगमूल्य शून्यावर आणून विनिमयमूल्य वाढवण्याचा हा प्रयोग. पण पदार्थालाही आपला धर्म असतो. सोनेरी कण मिसळलेले एक प्लॅस्टिक १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून काही खेळण्यांत वापरले गेले; ते काळाने ठिसूळ होते आणि हात न लावलेल्या खोक्यातही त्याला तडे जातात. कोणते खेळणे या दोषाने ग्रासलेले आहे याच्या याद्या संग्राहकांनीच चिकाटीने केल्या आणि सर्वांना फुकट दिल्या, हेही येथे नोंदवले पाहिजे.

कारण या हौसेत एक दुसरी बाजू आहे, आणि कार्यकर्त्यांनी तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. सांधा कसा फिरतो, छाती कशी दुमडते, चाक खांद्यामागे कोठे लपते, हे पाहताना संग्राहकाला जो आनंद होतो तो मानवी कल्पकतेविषयीचा आनंद आहे. हे लोक हरवलेल्या भागांचे आराखडे काढतात, दुरुस्त्या शिकवतात, जुन्या माहितीपत्रकांच्या प्रती एकमेकांना देतात. टंकनफलकांच्या हौशी मंडळींनी तर एकत्र पैसे गोळा करून लहान कारखान्याकडून हवी ती वस्तू बनवून घेण्याची प्रथा पाडली. तीत सहकाराचे बीज आहे.

मोठ्या भांडवलाने या प्रथेचे काय केले तेही पाहावे. २०१९ मध्ये हॅस्ब्रोने युनिक्रॉन नावाचा सुमारे सव्वादोन फूट उंचीचा यंत्रमानव जाहीर केला. किंमत होती ५७५ डॉलर. ८००० ग्राहकांनी आगाऊ नोंदणी केली तरच तो बनवणार, अशी अट. संख्या भरेना, तेव्हा मुदत वाढवली. अखेर ती भरली. ८००० जणांचे मिळून ४६ लाख डॉलर होतात. वस्तू हाती आली २०२१ मध्ये. एवढ्या बलाढ्य कंपनीला आपल्या मालाच्या खपाचा धोका ग्राहकांच्या शिरावर टाकता आला, आणि त्या ग्राहकांना मात्र भागधारकाचा एकही हक्क मिळाला नाही. सहकाराचे कातडे घेतले, प्राण बाहेर ठेवला.

पण ग्राहकाची फसवणूक हा या व्यवहारातला लहान अन्याय. मोठा अन्याय कारखान्यात आहे. १० मे १९९३ रोजी थायलंडमधील नाखोन पाथोम प्रांतात कादर कंपनीच्या खेळण्यांच्या कारखान्याला आग लागली. १८८ कामगार मेले. त्यांत बहुसंख्य तरुण स्त्रिया. बाहेर पडण्याच्या वाटा बंद होत्या, इमारतींचे लोखंडी सांगाडे उष्णतेने वाकले आणि मजले कोसळले. तेथे बाहुल्या आणि कापडी खेळणी होत, परदेशांतल्या मुलांसाठी. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला चीनमधील शेन्झेन येथे झीली खेळणी कारखान्यात आग लागून ८० हून अधिक कामगार मृत्यू पावले. थायलंडमध्ये १० मे हा दिवस पुढे कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेचा राष्ट्रीय दिन म्हणून पाळला जाऊ लागला. तो दिवस खेळण्यांच्या धंद्यातून आलेला आहे, हे किती संग्राहकांना ठाऊक असेल?

त्यानंतर कारखाने हलत राहिले आहेत. २०१९ च्या सुमारास व्यापारयुद्ध पेटले तेव्हा हॅस्ब्रोने चीनमधील उत्पादन कमी करून व्हिएतनाम आणि भारताकडे वळण्याचे धोरण सांगितले. व्हिएतनाममधील सर्वांत वरच्या श्रेणीचे किमान वेतनही २०२४ साली महिना ५० लाख डोंगांच्या आत, म्हणजे साधारण २०० डॉलर होते. हौशी माणसाच्या एका मोठ्या खेळण्याची किंमत त्याच्या दुप्पट-तिप्पट भरते. कंपनीच्या स्वतःच्या नोकरांचीही स्थिती निर्धास्त नव्हती. जानेवारी २०२३ मध्ये सुमारे १००० आणि त्याच वर्षी नाताळच्या तोंडावर आणखी ११०० जणांची कपात जाहीर झाली.

भारताचा संबंध तसा जुना आहे. एम. आर. एफ. आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून १९८७ साली फनस्कूल कंपनी निघाली, आणि गोव्यात तिचा कारखाना उभा राहिला. तिने काढलेल्या ‘जी. आय. जो’ बाहुल्यांचे रंग अमेरिकन मूळ बाहुल्यांपेक्षा निराळे असत. त्या निराळेपणामुळेच आज परदेशांतील संग्राहक त्यांचा शोध घेतात. रंगाच्या एकेका छटेची नोंद झाली आहे. तो रंग देणाऱ्या हातांची झालेली नाही.

१९८४ च्या अमेरिकन खोक्यामागे प्रत्येक यंत्रमानवाचे छोटे चरित्र छापलेले असे. बळ, बुद्धी, वेग, चिकाटी, हुद्दा, धैर्य, मारा आणि कौशल्य या आठ बाबतींत त्याला गुण दिलेले असत, आणि ते लाल पारदर्शक पट्टीतून वाचावे लागत. बनवणाऱ्यांविषयी खोक्यावर देशाचे नाव असे, त्यापलीकडे काही नाही. नायकी या बुटांच्या कंपनीने, दीर्घ आंदोलनानंतर, २००५ साली आपल्या पुरवठादार कारखान्यांची यादी पत्त्यांसह प्रसिद्ध केली. जे संग्राहक एका स्क्रूचा रंग बदललेला ओळखतात, त्यांच्या मंडळांत जाऊन खेळण्यांच्या खोक्यांवरही कारखान्याचे नाव आणि गाव छापण्याची मागणी कार्यकर्त्यांनी मांडली, तर ती ऐकली जाण्यासारखी आहे.