घरातील वायफाय : कुलूप आणि किल्ली



आज शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा निकाल, बँकेचा व्यवहार हे सारे घरच्या वायफायवरून होते. या लहरी भिंतीपाशी थांबत नाहीत. जिन्यात आणि रस्त्यावरही पोहोचतात. म्हणून प्रत्येक संदेश सांकेतिक रूपात पाठविण्याची सोय राउटरमध्ये असते. ही सोय कितपत भरवशाची, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करणे अगत्याचे आहे.

१९९७ सालची ‘वेप’ ही पहिली पद्धत कच्ची निघाली. २००१ साली संशोधकांनी तिचे वर्म दाखविले. आज ती काही मिनिटांत फोडता येते. २००४ साली ‘डब्ल्यूपीए-२’ आली. तिच्यातील ‘एईएस’ ही सांकेतिक रीत आजही अभेद्य मानली जाते. २०१७ साली बेल्जियममधील संशोधकांनी जोडणीच्या क्रमात एक दोष दाखविला. परंतु सॉफ्टवेअर अद्ययावत केल्याने तो दूर होतो. तात्पर्य, कुलूप मजबूत आहे.

मग धोका कोठे आहे? किल्लीत! फोन राउटरला जोडला जाताना होणारी देवाणघेवाण बाहेरचा माणूस टिपून घेऊ शकतो आणि नंतर सवडीने पासवर्डचे अंदाज ताडून पाहू शकतो. एखादे चांगले ग्राफिक कार्ड सेकंदाला दहा लाख अंदाज सहज तपासते. पुष्कळ घरांत मोबाईल क्रमांक हाच पासवर्ड असतो. सहा, सात, आठ किंवा नऊ या अंकांनी सुरू होणारे दहा अंकी क्रमांक होतात ४०० कोटी. विद्यार्थ्यांनी भागाकार करून पाहावा : ४,००० सेकंद, म्हणजे तासाहून थोडे अधिक!

‘आमच्याकडे चोरण्यासारखे आहे तरी काय?’ असे कोणी म्हणेल. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांपूर्वी धमकीचा ई-मेल गेला, तो नवी मुंबईतील एका घराच्या वायफायवरून. पोलिसांचा तपास साहजिकच प्रथम त्या घरी पोहोचला, आणि ज्याचा काही संबंध नव्हता त्याला चौकशीला तोंड द्यावे लागले. जोडणी ज्याच्या नावावर, विचारणाही त्यालाच, हे विसरू नये.

उपाय खर्चाचे नाहीत. राउटरमध्ये डब्ल्यूपीए-२ निवडा. २०१८ साली आलेली डब्ल्यूपीए-३ मिळत असेल तर ती अधिक चांगली, कारण तिच्यात असे बाहेर बसून अंदाज ताडता येत नाहीत. शब्दकोशाची पाने डोळे मिटून उघडावीत, एकमेकांशी संबंध नसलेले पाच शब्द घ्यावेत आणि रोमन अक्षरांत सलग लिहावेत. असा पासवर्ड लक्षात राहतो. अंदाजाने शोधायला मात्र हजारो वर्षे लागतील. ‘डब्ल्यूपीएस’ ही सोय बंद ठेवावी, आणि राउटरची मांडणी बदलण्याचा मूळचा पासवर्डही बदलावा.

विद्यार्थी मित्रांनो, हे काम आज रात्रीच आई-वडिलांना शेजारी बसवून करा.