मोटारीच्या पोटाखालचा पहारेकरी

मोटार उभी असून इंजिन मंद चालत असतां तळाकडून पत्रा थरथरल्यासारखा खडखडाट कधीं कधीं ऐकूं येतो. मालकास वाटतें, इंजिनच बिघडलें. पुष्कळदां दोष असतो तो एका पातळ पत्र्याचा.

सायलेन्सरची नळी व तिच्यावरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हीं चालत्या मोटारींत कित्येक शें अंशांपर्यंत तापतात. भारतांतील चार महानगरांत १९९५ पासून नव्या पेट्रोल-मोटारींस हा कन्व्हर्टर सक्तीचा झाला. त्याची धग मोटारीचा तळ, इंधनाची नळी व खालचें वाळलें गवत यांस लागूं नये, म्हणून मध्यें पत्र्याचें कवच बसविलेलें असतें. पावसाळ्यांतील चिखलानें आणि कोंकणकिनाऱ्यावरील खाऱ्या हवेनें त्याचीं बोल्टांचीं भोकें गंजून रुंदावतात व कवच सैल होतें.

"आवाज करतो ना? मग टाका उपटून!" असा सल्ला देणारे मिस्त्री भेटतात. आवाज थांबतो खरा. पण आगीचें भय वाढतें.

दुरुस्ती सोपी आहे. प्रथम मोटार पूर्ण निवूं द्यावी. नुसत्या जॅकवर विसंबून खालीं शिरूं नये. भक्कम टेकू द्यावे. हातानें थोपटतांच सैल जागा कळते. भोक रुंदावलें असल्यास बोल्टाखालीं मोठा वायसर घालावा. नळीवरच्या कवचाचें भोक उरलेंच नसेल, तर न गंजणाऱ्या पोलादाची होज क्लिप कवचासह नळीभोंवतीं आवळावी. प्लास्टिकचा पट्टा तेथें वितळून जातो. पत्र्याची चाळणीच झाली असेल, तर मात्र नवें कवच घ्यावें.

कुरकुरणाऱ्या पहारेकऱ्यास घालवून दिल्यानें चोर कांहीं दूर होत नाहींत!