फळं तिच्या टोपलीत, पट्टा कोणाच्या नावावर?



आंध्र प्रदेशातल्या अराकू खोऱ्यात मी गेले ती डिसेंबरात, कॉफीची फळं उतरवण्याच्या दिवसांत. विशाखापट्टणमहून गाडी पूर्व घाट चढत वर जाते. पर्यटक तिथली बोर्रा गुहा आणि धुकं पाहून परततात. मी पाहिल्या सिल्व्हर ओकच्या सावलीत लाल फळं खुडणाऱ्या आदिवासी बायका. फळं एकदम पिकत नाहीत, म्हणून त्याच झुडपाकडे पुन्हापुन्हा यावं लागतं. मग साल काढणं, धुणं, वाळवणं. पाच-सहा किलो फळांतून जेमतेम किलोभर बी हाती येतं.

कोडगू-चिकमगळूरच्या मोठ्या मळ्यांत बाई मजूर असते. अराकूत कॉफी आदिवासी कुटुंबांच्या स्वतःच्या लहान तुकड्यांवर होते. अनुसूचित क्षेत्रातली जमीन बिगर-आदिवासींकडे जाऊ न देणारा १९७० चा कायदा तिथे आहे. १९९७ च्या 'समता' निकालाने खासगी खाण कंपन्यांनाही रोखलं. ही लढून मिळवलेली कमाई आहे.

पण समाजाच्या हाती राहिलेली जमीन घरात कोणाच्या हाती आहे? मी विचारलं तेव्हा बायका हसल्या. "नवऱ्याच्या, नाहीतर सासऱ्याच्या." एक विधवा म्हणाली, "झाडं मी जगवते, पैसे दिराच्या खात्यात."

हिंदू वारसा कायदा आदिवासींना आपोआप लागू होत नाही. त्यामुळे २००५ ची मुलींना समान वाटा देणारी दुरुस्तीही त्यांच्यापर्यंत पोचली नाही. मात्र १७ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की बाईला वगळणारी रूढी सिद्ध झाली नसेल, तर तिला समान वाटा मिळाला पाहिजे.

"बाईच्या नावावर केली, तर जमीन परक्या जावयाकडे जाईल," असं पुरुष कार्यकर्ते म्हणतात. पण बिगर-आदिवासीला हस्तांतर करायला कायद्याने बंदीच आहे. मालक पुरुष असो वा बाई, ती बंदी सारखीच. मग भीती नेमकी कशाची?

वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ४(४) प्रमाणे विवाहितांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे व्हायला हवा. हा कायदा आपल्या नंदुरबार-गडचिरोलीलाही लागू आहे. तेव्हा पुढच्या गावबैठकीत पट्टे मागवून घ्या, नावं मोठ्याने वाचा. बाईचं नाव नसेल, तिथून कामाला सुरुवात करू या.